पाच साक्षीदार आणि एक सिस्टर

१

शुक्रवारी हासनच्या रुग्णालयातून तीन शब्दांची एक ओळ नाहीशी झाली. ‘पेनिसिलिन चालत नाही.’ ती ओळ जागेवर असती, तर संध्याकाळी चार वाजता पुट्टगौरम्मा नावाच्या एकसष्ट वर्षांच्या बाईला ते इंजेक्शन कुणी दिलं नसतं, तिचा गळा सुजला नसता आणि तिच्या सुनेनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला नसता. म्हातारी चिवट होती, वाचली. ओळ मात्र सापडली नाही, आणि ती आपण लिहिली होती असं छातीठोकपणे सांगणाऱ्या सिस्टर जयशीलाला दुसऱ्या दिवशी घरी बसवण्यात आलं.

मंगळवारी सकाळी बंगळूरहून वारिजा हेब्बार आल्या. ट्रस्टची पाच रुग्णालयं पाच गावांत, आणि त्या सगळ्यांचं रुग्णांचं रेकॉर्ड ठेवणारी यंत्रणा आठ वर्षांपूर्वी या बाईंनी उभी केलेली. बंगळूर, म्हैसूर, तुमकूर, शिमोगा, हासन. प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर, आणि कुठेही झालेली नोंद पाचही ठिकाणी उतरलेली. एक सर्व्हर जळाला, बिघडला, वेडंवाकडं बोलायला लागला, तरी उरलेले चार त्याला गप्प बसवतात. नोंद पुसायची तर तीन गावांतल्या तीन इंजिनियरांनी एकाच वेळी परवानगी द्यावी लागते. लोक लेकीसुनांचं कौतुक सांगतात तसं वारिजाबाई या पाच सर्व्हरांचं सांगायच्या, आणि ऐकणारा हळूच घड्याळाकडे बघायचा.

“कॉफी घ्या आणि सही करा, मॅडम,” रुग्णालयाचे व्यवस्थापक मेदप्पा म्हणाले. कोडगूचा माणूस, मिशीला पीळ आणि बोलण्यालाही. “तासाभराचं काम. जेवायला घरी पोचाल.”

“सही कशावर?”

“रेकॉर्ड बरोबर आहे यावर. तुमचंच रेकॉर्ड, तुम्हीच नाही कसं म्हणणार? सव्वाचारला समिती फोनवर बसते आहे. तुमचा कागद हातात आला की जयशीलाची नोकरी संपली, आणि परवाना रद्द करा म्हणून पत्र आजच जाईल. टाइप करून ठेवलंय.”

त्यांनी ते पत्र दाखवलंसुद्धा. वारिजाबाईंना ते आवडलं नाही. चौकशीआधी टाइप झालेलं पत्र त्यांना कधीच आवडत नसे. पण रेकॉर्ड त्यांनी गाडीतच पाहिलं होतं आणि पाचही ठिकाणी ते अक्षरन् अक्षर सारखं होतं. पुट्टगौरम्मा, दाखल शुक्रवारी बारा वाजून वीस मिनिटांनी. ॲलर्जी: नाही. पुढे कुणीही काहीही बदललेलं नाही.

“आणि जयशीला काय म्हणते?”

मेदप्पा हसले. “ती म्हणते, मी अकरा वीसला ॲलर्जी लिहिली. आता तुम्हीच सांगा मॅडम, बाई दाखल झाली बारा वीसला. मग अकरा वीसला हिनं कुणाची ॲलर्जी लिहिली? भुताची?”

२

जयशीला चौकशीसाठी येऊन कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसली होती. वॉर्डात पाऊल टाकायला तिला मनाई होती. चाळिशीची, सडसडीत, आणि रडून झाल्यावर येतो तसा कोरडा राग चेहऱ्यावर.

“तुम्ही बंगळूरच्या मॅडम ना? सही करायला आलात?”

“विचारायला आले. अकरा वीस ही वेळ तुम्हाला कशी आठवते?”

“अकरा पंधराला मी सलाइन बदलते. ते झाल्यावर अज्जीजवळ गेले. विचारलं, कुठलं औषध बाधतं का? म्हणाली, मागे एकदा पेनिसिलिननं मरता मरता वाचले. मी हातावर लिहिलं आणि तशीच जाऊन कॉम्प्युटरवर टाकलं. ‘नोंद झाली’ असं हिरव्या अक्षरात आलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं.”

“हातावर?”

जयशीलानं डावा तळवा पुढे केला. बॉलपेनच्या शाईच्या निळ्या खुणा कातडीत मुरलेल्या होत्या, वर्षांनुवर्षांच्या. “पूर्वी खाटेला तक्ता असायचा. कॉम्प्युटर आला आणि मेदप्पा सरांनी तक्ते काढून टाकले. म्हणाले, दोन-दोन ठिकाणी लिहिलं की गोंधळ होतो. म्हणून मी हातावर लिहिते. त्यावरूनही मला मेमो मिळालाय. आता वाटतं, शुक्रवारी हात धुतलाच नसता तर बरं झालं असतं.”

“मेदप्पांशी तुमचं वाकडं आहे?”

“दोन पाळ्या सलग लावायच्या नाहीत म्हणून अर्ज केला होता, बावीस जणींच्या सह्यांचा. पहिली सही माझी.” ती थोडं थांबली. “मॅडम, माझी नोकरी जाईल ती जाईल. पण माझ्या हातून त्या म्हातारीला विष गेलं असं कागदावर लागलं, तर मी कुठल्या तोंडानं दुसऱ्या खाटेपाशी उभी राहू?”

 बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस इतक्या बारीकसारीक गोष्टी सांगताना कुठेतरी अडखळतो. पण मग एक तासाचं काय?

“सिस्टर, पाच सर्व्हर पाच गावांत आहेत. त्यांचं आपसात भांडण नाही. पाचही म्हणतात की तुम्ही काही लिहिलं नाही.”

“मग पाचही खोटं बोलतात,” जयशीला म्हणाली.

नेमकं हेच होऊ नये म्हणून वारिजाबाईंनी आयुष्याची आठ वर्षं घातली होती.

३

दाखल करण्याच्या काउंटरवर सुगुणा नावाची मुलगी होती. तिची बोटं कीबोर्डवर आणि डोळे रांगेवर. तिला विचारलं, तेव्हा ती आधी कानावर हात ठेवून मोकळी झाली.

“माझं काही नाही मॅडम. ॲलर्जीच्या रकान्यात आम्ही ‘नाही’च टाकतो. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही. नंतर वॉर्डातल्या सिस्टर बदलतात.”

“आणि तुम्ही नंतर पुन्हा ‘नाही’ टाकलं असं झालं नाही ना?”

“मी कशाला टाकू? एकदा पुढे गेलेला फॉर्म मी उघडतसुद्धा नाही. इथं नाक खाजवायला वेळ नाही.”

“पुट्टगौरम्मा किती वाजता आल्या?”

सुगुणानं स्क्रीनवर पाहिलं. “बारा वीस.”

“स्क्रीन नको. तुम्हाला काय आठवतं?”

“मला काय आठवणार मॅडम? शुक्रवारी बाजाराचा दिवस. सकाळपासून आमच्याकडचा सर्व्हर बंद, सगळं म्हैसूरवरून चाललेलं, एकेक फॉर्म गोगलगायीसारखा. लोक शिव्या देत होते. मग मध्येच आमचा सुरू झाला आणि जरा बरं चाललं. वेळ कुणी बघितलीय? कॉम्प्युटर म्हणतो बारा वीस, म्हणजे बारा वीस.”

सगळं रुग्णालय याच एका वाक्यावर चाललं होतं, आणि वारिजाबाईंना आजवर त्याचा अभिमान वाटत आला होता. आज पहिल्यांदा ते वाक्य कानाला खुपलं.

पुट्टगौरम्मा दुसऱ्या मजल्यावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला स्वतःच्या मरणाची हकिगत तिसऱ्यांदा सांगत होत्या.

“किती वाजले होते ते मला काय ठाऊक, मगळे,” त्या वारिजाबाईंना म्हणाल्या. मगळे म्हणजे लेकी. पन्नाशीच्या वारिजाबाईंना तसं कुणी म्हणून बरीच वर्षं झाली होती. “ताप होता. त्या पोरीनं काउंटरवर नाव लिहून घेतलं, मग वर आणलं. सुनेला म्हटलं, पोटात कावळे ओरडतायत. तिनं खालून खारा भात आणला. गरम, वर तूप, शेंगदाणे. दोन घास खाल्ले, तेवढ्यात ती उंच सिस्टर आली. तिनं विचारलं, मी सांगितलं. देव तिचं भलं करो. तिला काढलंय म्हणे? का?”

“सिस्टर यायच्या आधी खारा भात खाल्लात? नक्की?”

“अगो, ताप आला म्हणून काय खाल्लेलं विसरेन?”

वारिजाबाई खाली कॅन्टीनमध्ये गेल्या. भट्टीपाशी उभ्या असलेल्या स्वयंपाक्यानं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. खारा भात? सकाळचा तिखट उपमा तो, अकराला संपतो, मॅडम. अकराला पातेलं घासायला जातं. मग साडेबारापर्यंत इथं नुसती कॉफी आणि वडा, आणि नंतर जेवण.

म्हणजे म्हातारी अकराच्या आत दाखल झाली होती. रेकॉर्डमध्ये ती बारा वीसला आली. एका पातेल्यानं पाच सर्व्हरांना खोटं पाडलं होतं, आणि वारिजाबाईंना आता जयशीलापेक्षा स्वतःच्या यंत्रणेचीच जास्त काळजी वाटू लागली.

४

सर्व्हरची खोली तळघरात होती. तिथले प्रमुख तिप्पेस्वामी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पस्तीस वर्षांची नोकरी आणि पुढच्या महिन्यात निवृत्ती. खोली इतकी स्वच्छ की फरशीवर जेवायला बसावं. कपाटावर हळदीकुंकवाचे ठिपके, पायाशी वाळलेलं अर्धं लिंबू, भिंतीवर रोजची पानं फाडायचं पंचांगाचं कॅलेंडर. हासनमध्ये कुणी या गोष्टींना हसत नाही. बंगळूरच्या चकचकीत इमारतींतही सर्व्हरला आयुधपूजेला झेंडूची माळ पडतेच.

“शुक्रवारी काय झालं होतं, स्वामी?”

“वीजपुरवठ्याचा भाग गेला होता, मॅडम. सकाळी सहापासून बंद. मी नवीन बसवला, सुरू केला. तेव्हापासून कुरकुर नाही.”

“किती वाजता सुरू केला?”

“यंत्रात आहे ना. बारा पाच.”

त्यांनी कागद काढून दिला. शुक्रवारच्या सगळ्या नोंदी वेळेच्या क्रमानं मांडलेल्या. बारा पाच, हासन सर्व्हर सुरू. बारा वीस, पुट्टगौरम्मा दाखल. सगळं शिस्तीत. वारिजाबाई पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत गेल्या आणि एका ओळीपाशी त्यांचं बोट थबकलं. ‘अकरा सात, वॉर्ड तीन, रक्तदाब, हासन सर्व्हर.’ त्याखाली अकरा नऊ. अकरा बारा. हासन, हासन, हासन.

“स्वामी, तुमचा सर्व्हर सुरू झाला बारा पाचला.”

“होय मॅडम.”

“मग अकरा सातला तो नोंदी कशा करत होता?”

तिप्पेस्वामींनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. “म्हैसूरच्या असतील.”

“हासन लिहिलंय.”

“मग... मला काही कळत नाही, मॅडम.”

कळत वारिजाबाईंनाही नव्हतं. जन्माला यायच्या आधी तासभर कामाला लागलेलं यंत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. कुणी दुसराच सर्व्हर हासनच्या नावानं जोडून ठेवला होता का? मेदप्पांना जयशीला नको होती, पण मेदप्पांना साधा ईमेल पाठवता येत नसे. नोंद पुसली म्हणावी तर तीन परवानग्या लागतात, आणि त्या दिवशी एकही मागितली गेली नव्हती. त्यांनी तर्क एकावर एक रचून पाहिले आणि प्रत्येक वेळी डोलारा कोसळला. डोकं भंजाळून गेलं.

शेवटी त्यांनी तिप्पेस्वामींचं म्हणणं चार ओळींत लिहून काढलं आणि कागद पुढे केला. “एवढ्यावर सही करा.”

तिप्पेस्वामींनी खिशातलं पेन काढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पेन परत खिशात गेलं.

“साडेचारला करतो मॅडम.”

“सव्वाचारला समिती आहे.”

“साडेचारनंतर करतो,” ते म्हणाले. आवाज नम्र होता, पण त्यात तसूभरही जागा नव्हती. “आत्ता नको. कृपा करा.”

५

ते कॉफी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि वारिजाबाई चिडून बसून राहिल्या. तीन ते साडेचार. दीड तासात असं काय आभाळ कोसळणार होतं?

दीड तास.

त्या उठल्या आणि कॅलेंडरपाशी गेल्या. त्यांच्या आईचं आयुष्य या बारीक अक्षरांवर चालायचं. स्वतः त्यांनी लग्नानंतर कधी तिकडे पाहिलं नव्हतं. मंगळवार. राहुकाळ तीन ते साडेचार. कोपऱ्यात रद्दीचा गठ्ठा होता, फाडलेली पानंसुद्धा तिप्पेस्वामींनी नीट लावून ठेवली होती. त्यांनी शुक्रवारचं पान काढलं. राहुकाळ साडेदहा ते बारा.

सर्व्हर सुरू झाला बारा पाचला. राहुकाळ संपल्यावर बरोब्बर पाच मिनिटांनी. आणि बारा पाचमधून राहुकाळाचा तो दीड तास काढला, तर दहा पस्तीस. बारा वीसमधून काढला, तर दहा पन्नास; खारा भात तेव्हा गरम होता.

त्या खुर्चीत बसल्या आणि म्हैसूरचा सर्व्हर उघडला. त्यात एक कच्ची नोंदवही असते. कुठली नोंद किती वाजता आपल्या दारात आली, हे सर्व्हर स्वतःच्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवतो. कुणी कधी ती वाचत नाही. वारिजाबाईंनी वाचली. पुट्टगौरम्मा दाखल झाल्याची नोंद म्हैसूरच्या दारात आली दहा पन्नासला, पण तिच्यावर हासनचा शिक्का होता बारा वीसचा. अकरा वीसला ॲलर्जीच्या रकान्यासाठी आणखी एक नोंद आली, शिक्का अकरा वीसचा. पुढे एकच शेरा: ‘जुनी. टाकून दिली.’

एकाच रकान्यासाठी दोन नोंदी आल्या, तर ज्या नोंदीवरची वेळ नंतरची तीच खरी. हा नियम पाचही सर्व्हर पाळत होते, आणि तो वारिजा हेब्बार यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला होता. पाचही साक्षीदार प्रामाणिक होते. पत्र कधी आलं हे त्यांना ठाऊक होतं. पण पत्रावरच्या शिक्क्यावरच विश्वास ठेवा, असं त्यांना बजावून ठेवलं होतं.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण वारिजाबाई पुन्हा वहीवर वाकल्या. कारण चुकीच्या शिक्क्याचा रुग्ण काही एकच नसणार. त्यांनी भराभर शोधलं. दहा पस्तीस ते अकरा या पंचवीस मिनिटांत दाखल झालेले अकरा रुग्ण. त्यांच्याबाबत दुपारपर्यंत आलेल्या सात दुरुस्त्या ‘जुन्या’ म्हणून फेकल्या गेल्या होत्या. कुठल्या रकान्यातल्या, एवढंच वहीत होतं. दुरुस्ती काय होती, ते पाचही ठिकाणांहून गेलं होतं.

यादीतलं चौथं नाव होतं नंजेगौडा. रकाना: शस्त्रक्रियेची बाजू. शस्त्रक्रियेची तारीख आजची होती आणि वेळ साडेतीनची. घड्याळात तीन अठ्ठावीस झाले होते.

६

थिएटरचा फोन कुणी उचलेना. वारिजाबाई कॅन्टीनच्या मागच्या बाकाकडे धावल्या. या वयात आपण अजून धावू शकतो हे त्यांना तेव्हा कळलं.

“सिस्टर! नंजेगौडा! शुक्रवारी त्यांच्या कागदात काय बदललं होतंत?”

जयशीलानं क्षणभरही विचार केला नाही. “गुडघा. सुगुणानं उजवा लिहिला होता. डावा आहे. साडेअकराला मी...” ती उभी राहिली. “का?”

“तीही गेली.”

पुढचं वाक्य ऐकायला ती थांबली नाही. मनाई असलेल्या जिन्यावरून, पहारेकऱ्याच्या हाताखालून, ती दोन-दोन पायऱ्या चढत गेली. वारिजाबाई पोचल्या तेव्हा थिएटरचं दार उघडं होतं, डॉक्टर उमापती हात वर धरून उभे होते, नंजेगौडा गाढ झोपले होते आणि उजव्या पायाला औषध फासून झालं होतं. जयशीला चादर वर करून डाव्या गुडघ्याची सूज दाखवत होती. तिला धाप लागली होती.

“स्क्रीनवर उजवा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, स्क्रीन सोडा. पाय बघा,” जयशीला म्हणाली.

डॉक्टरांनी पाय पाहिला. मग उजव्या पायावरचं औषध पुसून टाकायला सांगितलं.

बाकीच्या सहा दुरुस्त्या जयशीलानं तिथंच, बाहेरच्या भिंतीला टेकून, एकेक करून सांगितल्या. पाच तिच्या स्वतःच्या होत्या, एक तिच्या जोडीच्या सिस्टरची. वारिजाबाई लिहून घेत होत्या. पाच गावांत पाच प्रती ठेवल्या होत्या, आणि सहावी, जी कुणी मोजली नव्हती, ती निलंबित होऊन कॅन्टीनच्या बाकावर बसली होती.

चार वाजता सगळे मेदप्पांच्या खोलीत होते. वारिजाबाईंनी कच्ची वही समोर ठेवली.

“मला यातलं अक्षर कळत नाही,” मेदप्पा म्हणाले, “आणि समितीलाही कळणार नाही. अकरा वीसला काहीतरी आलं, काय आलं ते माहीत नाही, कुणी टाकलं ते माहीत नाही. घड्याळ पुढे होतं म्हणता, पण ते आपोआप गेलं की कुणी नेलं? समितीला वही नको मॅडम, नाव हवंय. दुसरं नाव नसेल तर जयशीलाचं आहेच.”

तिप्पेस्वामी दाराशी उभे होते. कॉफीचा पेला त्यांच्या हातात तसाच होता.

“स्वामी,” वारिजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही सर्व्हर दहा पस्तीसला सुरू केलात. सुरू करायच्या आधी त्याचं घड्याळ दीड तास पुढे केलंत. अकराच्या सुमारास ते परत जागेवर आणलंत.”

पेला बशीवर वाजला.

“दोन वर्षांपूर्वी तुमकूरला,” तिप्पेस्वामी म्हणाले, “असाच राहुकाळात सुरू करायला लावला होता. मी नको म्हटलं होतं. आत काहीतरी भडकलं आणि माझ्या जोडीदाराची दोन बोटं गेली. शुक्रवारी मी सरांना म्हटलं, बारा वाजू देत. सर म्हणाले, आत्ताच्या आत्ता, नाहीतर पंचांग घेऊन घरी जा. मग मी... यंत्राला वाटू दे की बारा वाजून गेलेत. जन्मवेळ चांगली लागली की बास. सरांचंही ऐकलं, पंचांगाचंही ऐकलं. सगळं नीट चालतंय असं पाहिलं आणि घड्याळ जागेवर आणलं. मॅडम, देवाशप्पथ, मी माणसाला फसवलं नाही. मी फक्त राहूला फसवलं.”

“म्हणजे मी जबाबदार?” मेदप्पांचा आवाज चढला.

“माझ्या अहवालात तुमचंही नाव येईल. खाटेचे तक्ते काढले त्या ओळीत,” वारिजाबाई म्हणाल्या. “पण पहिलं माझं येईल. कुणीतरी घड्याळाला हात लावेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शिक्का बघायचा, दार वाजल्याची वेळ बघायची नाही, असा आंधळा नियम मी केला.”

त्यांनी तिप्पेस्वामींचं म्हणणं पुन्हा लिहून काढलं, या वेळी खरं. कागद टेबलावर ठेवला.  भिंतीवरचं घड्याळ चार दहा दाखवत होतं. समितीला पाच मिनिटं होती आणि राहुकाळ संपायला वीस.

तिप्पेस्वामींनी पेन काढलं. घड्याळाकडे पाहिलं. कपाळाला घाम आला होता, भस्माचा खालचा पट्टा ओला झाला होता. त्यांनी जयशीलाकडे पाहिलं. ती तळवा मिटून उभी होती.

“सिस्टर,” ते म्हणाले, “अज्जी बरी आहे ना?”

“खारा भात मागतेय.”

ते वाकले आणि सही केली. मोठी, पस्तीस वर्षांच्या सवयीची. सहीखाली वेळेची रेघ होती. तिथं त्यांचा हात थांबला. वीस मिनिटं पुढची वेळ लिहायला त्यांना कुणी अडवलं नसतं.

त्यांनी पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं, नीट, चष्मा सावरून, आणि लिहिलं: चार वाजून बारा मिनिटं.